गोळी चुकली त्या दिवसांबद्दल लिहूया

मी २०११ पासून एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर, आहे. नवरा त्याच वर्षी गेला. हा धागा बायकांसाठी काढतेय आणि विषय एकच आहे: औषध घरात होतं, फुकट मिळत होतं (सरकारी केंद्रांत २००४ पासून फुकटच आहे), तरी आपण ते घेतलं नाही, असे दिवस. डॉक्टरांना आपण 'विसरले' म्हणून सांगतो. इथे खरं लिहूया. नाव, गाव, दवाखाना लिहू नका.

सुरुवात माझ्यापासून. तेव्हा सकाळ-संध्याकाळ अशा दोन वेळा गोळ्या असायच्या. घरात मला कुणी वेगळं वागवलं नाही, सासूबाईंनी तर नाहीच. माझं ताट मीच वेगळं केलं. मुलीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका काठाला लावला, म्हणजे चुकून दुसऱ्या कुणाला वाढलं जायला नको. एकत्र जेवल्याने लागण होत नाही हे समुपदेशक ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला ते पाठ होतं, मी दुसऱ्या बायकांना समजावतही होते. पण तो ठिपका खरवडायला मला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत आठवड्यातून दोनतीनदा तरी सकाळची गोळी मी मुद्दाम सोडायचे. तो गेला, आता मी कशाला राहू, असं वाटायचं.

ऊसतोड कामगार, बीड जिल्हा
ताई, मी सांगतेय आणि पोरगी लिहितेय. आम्ही दिवाळीच्या आसपास तोडीला जातो, पाच-सहा महिने कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहतो. कोपीला ना दार ना कडी. गोळ्यांची बाटली खुळखुळते, म्हणून आत कापूस कोंबला. लेबल पाण्यात भिजवून नखानं काढलं. कुणी विचारलं तर बीपीची म्हणायचे. एक दिवस शेजारच्या कोपीतली म्हणाली, माझंबी बीपी वाढलंय, एक दे की. मला घामच फुटला. त्या रात्री बाटली पाचटाखाली पुरली. नंतर अवकाळी पाऊस आला, गोळ्यांचा लगदा झाला. एकोणीस दिवस काहीच नाही घेतलं. टोळीत कुणाला काही माहीत नव्हतं, कुणी वाकडं बोललंबी नव्हतं. मीच माझ्या सावलीला भीत होते.

पुणे, नोकरी
रात्री नऊच्या अलार्मला मी फोनमध्ये 'शिक्षा' असं नाव दिलं होतं. तेव्हाच्या गोळीने गरगरायचं, विचित्र स्वप्नं पडायची, आणि वाटायचं की हे असंच व्हायला हवं, माझी तीच लायकी. नवरा निगेटिव्ह आहे. व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला तर संबंधांतूनही लागण होत नाही, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. तो तिथेच रडला. मला मात्र तो जवळ आला की अंग चोरायची सवय सुटेना, अजूनही पूर्ण सुटलेली नाही. अलार्मचं नाव तेवढं बदललं. आता नुसतं '९' दिसतं.

समुपदेशक, १३ वर्षं
आम्ही उरलेल्या गोळ्या मोजतो. एका ताईंचा हिशेब दर महिन्याला चोख यायचा, पण व्हायरल लोड हजाराच्या वर, म्हणजे विषाणू दबलेला नाही. तीन महिने समजावून पुन्हा तपासला, तरी तोच. शेवटी त्यांनी सांगितलं की केंद्रावर यायच्या आदल्या रात्री उरलेल्या गोळ्या मोरीत टाकते, तुम्ही रागवाल म्हणून. मला स्वतःची लाज वाटली. चुकलेल्या गोळीबद्दल मी ज्या सुरात विचारत होते, तो तिच्या डोक्यात आधीच वाजणारा सूर होता. नवरात्रात नऊ दिवस गोळी बंद ठेवणाऱ्याही कितीतरी जणी आहेत. कारण उपवासाचं सांगतात, पण आताची गोळी उपाशीपोटीही चालते. खोलात गेलं की कळतं, घट बसलेल्या घरात 'तसलं औषध' नको असतं. म्हणजे खरं तर स्वतःच नको असते.

वय २०, जन्मापासून
आई मला 'ताकदीची गोळी' म्हणून द्यायची आणि मी एकही चुकवली नाही. चौदाव्या वर्षी गोळीचं खरं नाव कळलं आणि ती घशाखाली उतरेना. गोळी तीच, पाणी तेच. पुढे हॉस्टेलवर गेल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून गोळी घ्यायचे. रांग असली की राहून जायची.

धागा काढणारी
बीडच्या ताई, तोडीला निघण्याआधी आपल्या केंद्रात सांगा. कारखान्याजवळच्या केंद्रातून औषध मिळायची सोय करून देतात, किंवा जास्त दिवसांचं देतात. १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन केला तरी जवळचं केंद्र सांगतात, पैसे पडत नाहीत. आणि विश्वासाने कळलेलं हे तुमच्या संमतीशिवाय कुणाला सांगायला २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने, काही अपवाद सोडले तर, मनाई आहे. एक विचारू? मुलीला हे आधी माहीत होतं का?

ऊसतोड कामगार, बीड जिल्हा
मी तिची मुलगी. नाही, वर लिहिताना कळलं. मला ती बाटली बीपीचीच वाटायची. आई आता चुलीपाशी बसलीय, बोलत नाहीये. संध्याकाळी सातचा अलार्म माझ्या मोबाईलवर लावलाय.