गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह: गेट की बॉल?

प्रश्न: आमच्या सोसायटीत बोअरचे पाणी आहे. टाकीखालचा दोन इंची गेट व्हॉल्व्ह पूर्ण आवळूनही पाणी थांबत नाही आणि दांड्यापाशी थेंब गळतात. दुरुस्त करावा की बदलावा?

उत्तर १: दांड्याची गळती ग्लँड नट (दांड्याभोवतीचा नट) किंचित आवळून किंवा आतले पॅकिंग बदलून थांबते. पाणीच थांबत नसेल, तर पाणी अडवणारी आतली पाचर जिथे बसते त्या खाचेत क्षार साचला असावा किंवा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवल्याने पाचर झिजली असावी; अशा व्हॉल्व्हवर खर्च करण्यात अर्थ नाही.

उत्तर २: सहमत, त्याजागी बॉल व्हॉल्व्ह (आत आरपार छिद्राचा फिरणारा गोळा असलेला) बसवावा. तो पाव फेऱ्यात बंद होतो, मात्र झटक्याने फिरवल्यास लाइनीला दणका बसतो, म्हणून दांडी सावकाश फिरवावी. शेजारी युनियन (खोलता येणारा जोड) जोडून घ्यावे, म्हणजे पुढे पाइप कापावा लागणार नाही.

उत्तर ३: दर दोन-तीन महिन्यांनी बॉल व्हॉल्व्ह एकदा उघड-बंद करावा, अन्यथा क्षाराने तोही जाम होतो.