रॅम्पखालचा तुकडा आणि टॅक्सीवाले: वॉर्ड ऑफिसला काय लिहायचं?

साठे, बी-३०२: मंडळी, फ्लायओव्हरखालच्या मोकळ्या तुकड्यात टॅक्सीचालकांसाठी विसाव्याची जागा व्हावी, असं पत्र वॉर्ड ऑफिसला द्यायचंय. नुसतं ‘बाक टाका’ लिहून भागणार नाही. मुद्दे सांगा.

परब, ए-१०४: पहिली अट, पुलाखाली गाड्या नकोत. बहुतेक टॅक्सी सीएनजीवर. एकीला आग लागली तरी वरची रबरी बेअरिंग (खांब आणि पूल यांमधल्या गाद्या) खराब होऊ शकतात, मग पूलच बंद. गाड्या सर्व्हिस रोडला समांतर, प्रत्येकीला ६ × २.५ मीटर. खाली फक्त माणसं.
खांबाला एकही बोल्ट मारायचा नाही. चारी बाजूंनी दीड मीटर मोकळं ठेवा, तपासणीची शिडी लावावी लागते. पत्र्याचं छप्पर स्वतंत्र सांगाड्यावर. कबुतरांची घाण आणि पुलाच्या दोन भागांमधल्या जॉइंटची गळती त्याने अडते. तरी जॉइंटच्या बरोबर खाली बाक नकोच.

फर्नांडिस, सी-५०१: पावसात तिथे तळं होतं, त्याचं काय?

परब, ए-१०४: डेकचं, म्हणजे पुलावरच्या रस्त्याचं, पाणी खांबालगतच्या पाइपातून उतरतं आणि तो पाइप तळाशी तुटलेला आहे. आधी तो गटाराला जोडायचा, मग फरशी. जोता रस्त्यापासून ३०० मिमी उंच, चढायला १:१२ चा उतार म्हणजे ३.६ मीटर लांबी. पुढे फ्लायओव्हरचा रॅम्प ३० मीटरला साधारण १ मीटर खाली येतो. त्याखालची उंची २.१ मीटरच्या आत गेली की तिथे पंप, झाडू, सामान.

कदम काकू, ए-२०३: शौचालय आपल्या गेटसमोर नको हो. वास येईल.

साठे, बी-३०२: काकू, शौचालय नाही म्हणूनच भिंती ओल्या होतात. सोय नसली की चालक पाणी पिणंच टाळतात आणि मुतखड्याला आमंत्रण मिळतं. दोन युरिनल, एक भारतीय संडास, महिला चालकांसाठी एक वेगळा, दार दुसऱ्या बाजूने. वास येतो तो ट्रॅप (वास अडवायला पाणी धरून ठेवणारं पाइपाचं वळण) कोरडा पडल्यावर आणि युरिनलच्या पाइपात क्षार साचल्यावर. म्हणून प्रत्येक वळणावर साफसफाईचं झाकण हवं. संडासाचा पाइप १०० मिमी, उतार १:६०. टाकी १००० लिटरची. फ्लशला ६ लिटर धरले तर शंभर वापरांना ६००, उरलेलं हात धुण्याला आणि फरशीला. पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळा.

किरण, सी-७०४: बाक १.८ मीटर लांब, ६० सेंमी रुंद, ४५ सेंमी उंच. मधे दांड्या घालू देऊ नका, त्या माणसाला आडवं होता येऊ नये म्हणूनच घालतात. पाठ टेकायला मिळाली तर काचा लावून, इंजिन चालू ठेवून एसीत झोपणं कमी होईल. त्यात कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. बाकांवर मंद दिवा, शौचालयापाशी लख्ख. चार्जिंगचे सॉकेट १.२ मीटरवर, ३० एमएच्या आरसीसीबीमागे (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच).

कदम काकू, ए-२०३: आणि रात्री पत्ते, बाटल्या?

किरण, सी-७०४: भिंत १.१ मीटरच्या वर न्यायचीच नाही, रस्त्यावरून आतलं सगळं दिसलं पाहिजे. लंडनमध्ये १८७५ पासून टांगेवाल्यांसाठी रस्त्यावर हिरव्या टपऱ्या बांधल्या. घोडागाडीपेक्षा मोठी नको हा नियम होता. आत जेवण-चहाही मिळायचा, म्हणजे कायम कुणीतरी हजर. तेरा अजून उभ्या आहेत. आपणही चहाचा परवाना द्यावा, किल्ली आणि सफाई चहावाल्याकडे. सिलिंडर नको, विजेची शेगडी.

परब, ए-१०४: मग सफाई परवान्याच्या अटीतच घाला: दिवसातून तीन वेळा धुणं, एकदा चुकलं तर दंड, तीनदा चुकलं तर परवाना रद्द.

साठे, बी-३०२: घेतलं. कच्चा मसुदा आज रात्री टाकतो. परब साहेब, तुटक्या पाइपाचा फोटो तेवढा पाठवा.