चिकन तेरियाकी फ्राइड राइस: सॉस घातला की भात गिच्च होतो, मदत हवी आहे

सॉस घालेपर्यंत भात अगदी मोकळा असतो. तेरियाकी सॉस पडला की दाणे एकमेकांना चिकटतात, आणि तळाशी साखर करपून काळा थर धरते. तो कडवटपणा मग सगळ्या भाताला लागतो.

सॉस घरीच करते: पाव कप सोया सॉस, 2 मोठे चमचे साखर, 1 चमचा तांदळाचा व्हिनेगर, किसलेलं आलं आणि लसूण. घरात मद्य चालत नाही, म्हणून मिरिन आणि साके (तेरियाकीत घालतात ती तांदळाची जपानी मद्यं) दोन्ही नको. कॉर्नफ्लोअर घातलं तर भाताचा लगदा होतो, न घातलं तर भात सगळं पाणी पिऊन टाकतो.

भात आदल्या दिवशीचा, फ्रिजमधला, हाताने मोकळा केलेला असतो. चिकनच्या मांडीचे तुकडे आधी वेगळे परतून बाजूला काढते. भाज्यांना पाणी सुटू देत नाही. कढई लोखंडी आहे, शेगडी इंडक्शनची, त्यामुळे कढई उचलून टॉस करता येत नाही. एका वेळी साधारण 4 कप शिजलेला भात असतो. दोन घाण्यांत केला तरी तेच.

चिकनची ती चकचकीत, गोडसर चव भातातही उतरायला हवी, नाहीतर साधा सोया राइसच झाला ना. मग सॉस आधी आटवून फक्त चिकनला माखायचा आणि भाताला नुसता सोया सॉस द्यायचा, की आटवलेला सॉस भातातही घालायचा? घालायचा असेल तर 4 कप भाताला किती, आणि आच कमी करून की गॅस बंद केल्यासारखं इंडक्शन बंद करूनच?