लॉ जर्नलमध्ये विद्यार्थ्यांचे लेख घेताना चाळणी किती बारीक हवी?

तळटीपवाला: आमच्या कॉलेजच्या जर्नलच्या संपादक मंडळात दोन वर्षं काढली. मागच्या अंकाला खाजगीपणाच्या हक्कावर लेखांचा ढीग आला आणि जवळजवळ प्रत्येकात पुट्टस्वामी (२०१७), म्हणजे खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. नऊ न्यायमूर्ती, सहा निकालपत्रं, पण विद्यार्थी लिहितात 'न्यायालयाने म्हटले', की झालं! एकाने तर सरकारला या हक्कावर मर्यादा कधी घालता येते, याच्या चार कसोट्या न्या. चंद्रचूड यांच्या नावावर खपवल्या. त्यांनी स्वतःसह चौघांसाठी लिहिलेल्या निकालपत्रात कसोट्या तीनच आहेत. चौथी, गैरवापर रोखणाऱ्या कार्यपद्धतीची, न्या. कौल यांच्या यादीतली. तळटीपेत 'परिच्छेद ७१' असं ठोकून दिलं होतं. उघडून पाहिला, तर कसोट्यांचा पत्ताच नाही. लेख परत.

माझं म्हणणं एवढंच: ज्याचा हवाला दिलाय तो निकाल लेखकाने स्वतः वाचलेला हवा. ब्लूबुकप्रमाणे (हवाले कसे लिहायचे याचं नियमपुस्तक) स्वल्पविराम चुकला तर चालेल, हे चालणार नाही.

तालुका_बार: बोलायला सोपं आहे. तुमच्याकडे एससीसी ऑनलाइन, मनुपात्रा, म्हणजे निकालांचे पैसे भरून मिळणारे संग्रह. आमच्या लायब्ररीत एआयआर या छापील निकालसंग्रहाचे खंड, त्यातही मधलेच गायब. पोरं हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, वाचून लिहितात, कारण हाताशी तेवढंच असतं. आणि लेख परत करताना 'खेद आहे' यापलीकडे तुमच्याकडून एक ओळ येत नाही. त्यातून कोण काय शिकणार?

तळटीपवाला: निकालांची वेबसाइट इंडियन कानून फुकट आहे. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचं ई-एससीआर, म्हणजे त्यांचा स्वतःचा ऑनलाइन निकालसंग्रह, तोही फुकट आहे. हेडनोट संपादक लिहितो, न्यायमूर्ती नाही. सबब पटत नाही.

सनद_२०११: याला दुजोरा. त्याच २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे सादर केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड केला. पदवी घेऊन बसलेल्यांची ही कथा. न वाचता हवाला द्यायची सवय कॉलेजातच मोडलेली बरी. पैसे भरा नि चार दिवसांत छापून घ्या, अशी जर्नलं आहेतच की ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी.

तालुका_बार: थांबा जरा. तळटीपवाले, तो परिच्छेद ७१ तुम्ही कुठल्या प्रतीत उघडलात?

तळटीपवाला: एससीसीत. का?

तालुका_बार: एससीसी सहाही निकालपत्रांना सलग क्रमांक देतं. तिथे कौल यांच्या चार कसोट्या परिच्छेद ६३८ मध्ये आहेत. न्यायालयाच्या मूळ पीडीएफमध्ये मात्र प्रत्येक निकालपत्र १ पासून सुरू होतं, आणि कौल यांचा परिच्छेद ७१ काढून बघा. चारही कसोट्या तिथेच. पोराने निकाल वाचला होता. फुकटची प्रत वाचली होती, एवढंच.

तळटीपवाला: आत्ता पाहिलं. बरोबर आहे तुमचं. पण न्यायमूर्तींचं नाव चुकलं होतं, ते चुकलंच. चौघांचं मत आणि एकट्याचं मत यांचं वजन सारखं नसतं.

स्वल्पविराम: म्हणजे आता आम्हा फॉर्मॅटवाल्यांना हसू नका! तळटीपेत परिच्छेदाशेजारी कुणाचं निकालपत्र आणि कुठली प्रत, एवढं लिहायची सक्ती असती, तर त्या पोराला लिहितानाच नाव तपासावं लागलं असतं. आणि संपादकांनीही भलता ७१ उघडला नसता. 'स्वल्पविराम चुकला तर चालेल' म्हणणाऱ्यांचं नेमकं इथेच घोडं पेंड खातं.

सनद_२०११: तरी लेख मी परतच केला असता. मुख्य मुद्दाच चुकीच्या न्यायमूर्तींच्या गळ्यात बांधलाय.

तालुका_बार: करा की परत, पण कारण लिहून. 'नाव तपासा, लेख पुन्हा पाठवा', एवढ्याने काम झालं असतं. अंक निघाला का?

तळटीपवाला: निघाला. मेल शोधतोय, आज लिहितो त्याला. नाव चुकलं होतं हेही लिहिणार, ते सोडणार नाही.