प्रतिसाद: उपवासाला ‘फास्ट’ का म्हणतात?

वर विचारलंय की उपवासात माणूस मंदावतो, मग त्याला ‘फास्ट’ का म्हणतात. आम्हा ठाणेकरांना फास्ट म्हणजे लोकल, त्यामुळे शंका रास्तच आहे! पण ‘वेगवान’ हा त्या शब्दाचा मूळ अर्थच नाही. जुन्या इंग्रजीत तो होता ‘घट्ट, पक्का’. राम मारुती रोडवर आई साडी घेताना “कलर फास्ट आहे ना?” विचारायची, शाळा सातवीपर्यंतची, पण अर्थ अगदी मूळचा. गाढ झोपेला ‘फास्ट अस्लीप’ म्हणतात तेही त्यामुळेच. उपवास म्हणजे नेम घट्ट धरणं. आपण ‘कडकडीत उपवास’ म्हणतो, त्याच्या जवळचंच. (साबुदाण्याची खिचडी त्यात बसते का, हा वाद इथे नको.) ब्रेकफास्ट म्हणजे रात्रभराचा उपास सोडणं.

वेगाचा अर्थ नंतरचा. घट्ट, मग जोर लावून, मग जोरात, अशी ती वाट. आपलंही ‘जोरात’ पाहा: जोर म्हणजे ताकद, पण “जोरात पळ, गाडी लागलीये” म्हणताना ताकद कोणाच्या मनात असते?

घड्याळ ‘फास्ट’ असलं तर मात्र मराठीत ते ‘पुढे’ असतं. आमचं दहा मिनिटं पुढे आहे, तरी ८:१२ चुकतेच.