गनेडीवालांचा 'बळी' आणि पेन्शन: त्या पोस्टला उत्तर

काळा_कोट_सांगली

काल इथे एक पोस्ट भरपूर फिरली. मथितार्थ असा: एका निकालावरून आरडाओरडा झाला म्हणून कॉलेजियमने (न्यायमूर्तींची नावं सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाने) मुंबई हायकोर्टाच्या अतिरिक्त न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांचा बळी दिला, म्हणजे त्यांना कायम केलं नाही, आणि जुलै २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने पेन्शन मंजूर करून ती चूक कबूल केली. लिहिणार नव्हतो. पण सकाळी बाररूममध्ये चहा हातात येईपर्यंत हेच दोघांनी ऐकवलं, तेही वकिलांनी.

पेन्शनच्या निकालात कुणी काहीही कबूल केलेलं नाही. वाद एवढाच होता की राजीनामा दिलेला न्यायमूर्ती 'निवृत्त' धरायचा की नाही. हायकोर्ट न्यायमूर्तींच्या पगार-पेन्शनच्या १९५४ च्या कायद्यात निवृत्ती म्हणजे फक्त वय झाल्यावरची निवृत्ती असं म्हटलेलं नाही, म्हणून राजीनामाही त्यात बसतो. संपलं. १९ जानेवारी २०२१ चा 'स्किन टू स्किन' निकाल बरोबर की चूक, हा प्रश्नच तिथे नव्हता.

आता बळी. २००७ ला थेट जिल्हा न्यायाधीश, पुढे हायकोर्टाच्या रजिस्ट्रार जनरल, फेब्रुवारी २०१९ ला अतिरिक्त न्यायमूर्ती, म्हणजे कायम होण्याआधी दोन वर्षांच्या मुदतीवर. कारकीर्द चांगलीच चढती. मग नागपूरला बारा वर्षांच्या मुलीचं प्रकरण आलं. हात कपड्यावरून लागला, कातडीचा कातडीला स्पर्श झाला नाही, म्हणून पोक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचं) शिक्षेचं कलम ८ उडालं आणि दंडसंहितेच्या विनयभंगाच्या ३५४ वर वर्षभराची शिक्षा राहिली. लैंगिक हल्ला म्हणजे काय ते सांगणारं कलम ७ उघडून बघा, त्यात कातडी कुठे आहे? ॲटर्नी जनरल वेणुगोपाल यांनी सुप्रीम कोर्टात नेमकं बोट ठेवलं: मग कुणी हातमोजे घालून हे केलं तर सुटणार का? नोव्हेंबर २०२१ ला तो निकाल रद्द झाला. त्याच आठवड्यातला हात धरल्याचा आणि पँटची चेन उघडी असल्याचा दुसरा निकालही त्याबरोबर गेला.

काढलं कुणी नाही. कायम केलं नाही, मग त्यांनीच राजीनामा दिला. यातला फरक वकिलांना सांगावा लागतोय!

राजवाडा_सातारा

साहेब, फरक कळतो. तुम्ही तारखा निवडून सांगितल्यात, त्या पुऱ्या करतो.

निकाल १९ जानेवारीचा. बाईंना कायम करा ही कॉलेजियमची शिफारस २० जानेवारीची. म्हणजे दुसऱ्या दिवशी! मग पेपरात बोंब झाली, २७ तारखेला स्थगिती आली, आणि शिफारस मागे. आता सांगा, २० तारखेला शिफारस करताना निकाल वाचले होते का? वाचले होते तर मागे का घेतली, आणि नव्हते वाचले तर शिफारस कशाच्या जोरावर केली? पुढे दोन वर्षांची मुदतवाढ सुचवली, सरकारने एकच दिली. डिसेंबरात कॉलेजियमने नावच पुढे नेलं नाही. कारण? एक ओळ दाखवा.

निकाल चुकला यात माझं दुमत नाही. पण चुकीचा निकाल अपिलात फिरवायचा असतो, तो फिरवलाही. अपिलात निकाल उलटला म्हणून घरी बसवायचं ठरलं तर अर्धं हायकोर्ट रिकामं होईल.

मिरजेचा_मी

+१. आणि ज्या बाई सत्ताधारी पक्षाच्या प्रवक्त्या होत्या त्यांची शिफारस मात्र बिनबोभाट. आरती साठे यांच्यावेळी कुणाला कलम आठवलं नाही.

काळा_कोट_सांगली

@मिरजेचा_मी बिनबोभाट? रोहित पवारांनी केवढा गदारोळ केला तो बोभाट नव्हता काय? शिवाय तो नेमणुकीचा विषय आहे, इथे कायम करण्याचा चाललाय. प्रत्येक धाग्यात पक्ष घुसवलाच पाहिजे असं नाही.

माहुली_संगम

आमच्या माहुलीचे रामशास्त्री आज असते तर लोक काय म्हणतात हे बघून निकाल दिला नसता. खुद्द राघोबादादांना देहान्त सांगणारा माणूस! न्यायमूर्ती असा हवा. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरसुद्धा आपल्या साताऱ्यातच जन्मले, हे नव्या पोरांना माहीत नसतं.

राजवाडा_सातारा

काका, रामशास्त्र्यांना दोन वर्षांच्या मुदतीवर नेमून वर 'बघू, कायम करायचं का' असं कुणी सांगितलं नव्हतं. माझा मुद्दाच तो आहे.

माहुली_संगम

मुदत नसतानाही ते पुणं सोडून वाईजवळ जाऊन राहिले. पेन्शनसाठी कोर्टात गेल्याचं ऐकिवात नाही.

दुष्काळी_जतकर

तुमचं सगळं खरं असंल, पण हायकोर्टाचा जज कायम झाला काय न झाला काय, आमच्यासारख्याला त्याचं तोंड बघायलाच म्हातारपण आलं. वडलांचं जमिनीचं सेकंड अपील. जतहून येष्टीनं मिरज, मिरजेतनं रात्रीची महालक्ष्मी, सकाळी सीएसटीला तोंड धुवायचं आन् पिशवीत भाकरी घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात बसायचं. संध्याकाळी ज्युनिअर येऊन सांगणार, 'काका, बोर्ड (आजच्या केसेसची यादी) पुरा झाला नाही, नंबर लागला नाही.' त्या पोराला बिचाऱ्याला माझं नावसुदिक माहीत नसायचं, फाइलीचा नंबर म्हणूनच हाक मारायचा. वडील त्याच वाटेवर गेले. आता मी पक्षकार.

१७ ऑगस्टला कोल्हापूरच्या हायकोर्ट बेंचचं उद्घाटन झालं तवा मी टीव्हीपुढनं उठलो नाही.

शिरवळ_टोलनाका

जतकर दादा, तुमच्याबद्दल वाईट वाटतं. पण कोल्हापूर बेंचचं कौतुक सांगलीकरांनी करावं. तुम्हाला ते तासाभरावर. आम्ही शिरवळ-खंडाळ्याची माणसं, नीरा ओलांडली की पुणे जिल्हा. आम्हाला उलटं दीडशे किलोमीटरच्या वर खाली पाठवलंय, तेही सातारा-कागल सहापदरीच्या खोदकामातून. उंब्रजला डायव्हर्जन, कराडला डायव्हर्जन. मुंबईला निदान एक्स्प्रेस-वे होता.

मिरजेचा_मी

मग मुंबईलाच जायचं होतं की. एक्स्प्रेस-वेचा टोल तुम्हीच भरला असता.

दुष्काळी_जतकर

आवो भाऊ, जतहून कोल्हापूरबी काय शेजारी नाही. पण संध्याकाळच्याला घरी येतो. गुरांची धार चुकत नाही. ते तुम्हाला किलोमीटरात नाही कळायचं.

काळा_कोट_सांगली

शिरवळकर, चाळीस वर्षं सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी कामकाज बंद ठेवून, मोर्चे काढून हे मिळवलंय. तेव्हा सातारकर कुठे होते?

राजवाडा_सातारा

हे मात्र सरळ खोटं. सातारा बार प्रत्येक बहिष्कारात होता. तुमच्या बाररूममधल्या जुन्या माणसांना विचारा. आम्हीही पक्षकारांच्या शिव्या खाल्ल्यात. पोट भरायला कोल्हापूर आणि घाम गाळायला आम्ही, असं चालणार नाही.

आणि गंमत बघा, ज्या मुख्य न्यायमूर्ती आराधेंच्या पीठाने जुलैत पेन्शनचा निकाल दिला, त्यांनीच १ ऑगस्टला कोल्हापूरची अधिसूचना काढली. तीसुद्धा सर्किट बेंचची. कायमच्या खंडपीठाची नव्हे. म्हणजे आपलं बेंचही अजून 'अतिरिक्त'च आहे. तुमच्या न्यायाने त्याचाही एखादा निकाल पेपरात गाजला तर मागे घ्यायचं का?

मिरजेचा_मी

😂😂 हे भारी होतं भावा.

वाईकर_मावशी

हसून झालं असेल तर थोडं माझंही ऐका. मी पोक्सोच्या खटल्यांत मुलींबरोबर सपोर्ट पर्सन म्हणून बसते. या जिल्ह्यात की शेजारच्या, ते सांगत नाही. मुलीला आरोपीच्या वकिलाने थेट विचारायचं नसतं, प्रश्न कोर्टामार्फत जायला हवा. कागदावर. प्रत्यक्षात उलटतपासणीत वकील थेट विचारतो, 'फ्रॉक जाड होता का पातळ?' पाचवीतली मुलगी. तिने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या साडीचा पदर दोन बोटांत धरून म्हणाली, 'असा.' न्यायाधीशांनी वकिलाला थांबवलं नाही, स्टेनोला म्हणाले, 'पातळ, लिहा.'

कापडाची जाडी मोजायची ही सवय आधीपासून होती. नागपूरच्या निकालाने तिला हायकोर्टाचा शिक्का दिला असता. स्थगिती आठ दिवसांत आली म्हणून बरं. तुम्हाला त्यात बाईंची नोकरी दिसते, मला त्या आठ दिवसांत कुठे कुठे निकालाची झेरॉक्स लागली असेल ते दिसतं.

राजवाडा_सातारा

मावशी, तुमच्या अनुभवापुढे मी काय बोलणार. पण तुमच्याच गोष्टीत 'पातळ, लिहा' म्हणणारे न्यायाधीश आजही खुर्चीवर असतील. त्यांचं नाव पेपरात आलं नाही, एवढाच फरक. उद्या तेही हायकोर्टात जातील, कायमही होतील.

अतिरिक्त न्यायमूर्ती निकाल लिहिताना एक डोळा पुराव्यावर ठेवतो आणि दुसरा कॉलेजियमवर, हे वाईटच. १९८१ ला एस. पी. गुप्ता प्रकरणात दिल्लीच्या अतिरिक्त न्यायमूर्तींना सरकारने मुदतवाढ नाकारली, तेव्हा न्यायव्यवस्थेचं स्वातंत्र्य संपलं म्हणून आपलीच मंडळी ओरडत होती. १९९३ नंतर तीच तलवार कॉलेजियमकडे गेली, २०१५ ला एनजेएसी (कॉलेजियमच्या जागी आणलेला नेमणुकांचा आयोग) रद्द झाल्यावर तिथेच राहिली. आज बाई चुकल्या म्हणून टाळ्या. उद्या एखाद्याने सरकारच्या विरोधात बरोबर निकाल दिला आणि त्याला असंच, न बोलता, घरी पाठवलं तर?

काळा_कोट_सांगली

तेव्हा मी तुमच्या शेजारी उभा राहीन. पण 'उद्या असं झालं तर' या भीतीपोटी आजचा निकाल पोटात घालायचा हे मला मान्य नाही. दोन वर्षं कशासाठी असतात मग? मुळात ही तरतूद तुंबलेले खटले उपसायला केली होती, हे मलाही माहीत आहे. पण सगळेच कायम होणार असतील तर पहिल्याच दिवशी कायम करा.

कारणं लेखी द्यायला हवी होती, एवढं तुमचं घ्या. २० तारखेच्या शिफारशीचंही घ्या. दिवाळी आहे म्हणून समजा.

राजवाडा_सातारा

आभार! फ्रेम करून लावतो.

वाईकर_मावशी

आणि ते फ्रॉकचं कुणी घेणार आहे का, की तेवढं राहिलं?

शिरवळ_टोलनाका

मावशी, तुमच्या आठ दिवसांच्या मुद्द्यावर कुणाकडेच उत्तर नाही, म्हणून सगळे गप्प आहेत. बाकी काळा कोट साहेबांनी 'सातारकर कुठे होते' असं विचारलं त्याबद्दल अजून शब्द आलेला नाही, हे नोंदवून ठेवतो.

काळा_कोट_सांगली

नोंदवा. जतकर, तुमचं मॅटर सोमवारच्या बोर्डावर आहे म्हणालात ना? मी सांगलीतून सात वाजता निघतोय, गाडीत जागा आहे. फाइल घेऊन या, त्या ज्युनिअरच्या भरवशावर राहू नका.