इंटरकॉममध्ये बायको कमी आणि वारा जास्त ऐकू येतो, काय बदलू? (इंदूर)

गुजरी_हुकली
नमस्कार मंडळी. परवाच्या रविवारी मी आणि बायको एकाच गाडीवर महेश्वरला जाऊन आलो. खास त्यासाठी दोघांच्या हेल्मेटला इंटरकॉम घेतला होता. राजेंद्रनगरपर्यंत काय मस्त गप्पा चालल्या होत्या! राऊ सोडून गाडी ऐंशीवर गेली आणि कानात नुसतं घूंऽऽऽ. मानपूरच्या पुढे ती काहीतरी बोलली. मला वाटलं ‘गाडी हळू’ म्हणतेय, म्हणून सत्तरवर आणली. ती पुन्हा बोलली, मी साठवर. पंचेचाळीसवर आलो तेव्हा स्वच्छ ऐकू आलं, “अरे, गुजरीला चहा घेऊ म्हणत होते, गेली ना गुजरी मागे!”

माझं हेल्मेट फुलफेस, आयएसआयवालं, तीन वर्षं जुनं. तिचं पुढून उघडं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पंपांवर ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ सुरू झालं, तेव्हा तिच्या स्कूटरसाठी घाईत घेतलेलं. गाडीला छोटी विंडशील्ड आहे. इंटरकॉम साधा ब्लूटूथवाला, मधल्या किमतीचा. तो विकून महागातला मेशवाला घेऊ का? पुढच्या महिन्यात ओंकारेश्वर ठरलंय.

यझ्दीवाले_काका
आमच्या वेळी पाठीवर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. चार्जिंग लागत नसे.

भेरूघाट_रिटर्न
भिया, आधी पैसे खिशात ठेवा. मेश कामाचं कधी, तर चार-सहा गाड्यांचा ग्रुप असेल तेव्हा. साध्या ब्लूटूथमध्ये साखळी असते, मधला एक मागे पडला की पुढच्यांचं बोलणं तुटतं. मेशमध्ये प्रत्येक जण इतरांशी जोडलेला, त्यामुळे कुणी गळला तरी बाकीचे चालू. सेना, कार्डो, आपल्या बंगळुरूचं ब्लूआर्मर, या सगळ्या कंपन्यांकडे मेशची मॉडेल्स आहेत. पण तुम्ही दोघं बसता एकाच सीटवर! मधलं अंतर वीतभर. मेश काय करणार?

मुळात आवाज येतोय कुठून ते शोधा. दोन वेगळे वारे आहेत. एक तुमच्या हेल्मेटभोवतीचा, तो थेट कानात येतो. दुसरा वहिनींच्या माइकमध्ये शिरून स्पीकरमधून तुमच्या कानात ओतला जातो. परीक्षा सोपी आहे. ऐंशीच्या वेगात बोलणं चालू असताना वहिनींना त्यांचा माइक बंद करायला सांगा. आवाज झपकन कमी झाला तर दोष त्यांच्या माइकचा, तेवढाच राहिला तर तुमच्या हेल्मेटचा. माझा अंदाज, तुमच्याकडे दोन्ही आहेत, पण मोठा वाटा माइकचा.

उघड्या हेल्मेटला दांडीवाला माइक लागतो आणि तो ओठांच्या कोपऱ्याला जवळजवळ टेकलेला हवा. बोटभर लांब असेल तर माइकला तोंडापेक्षा वारा जवळचा. त्यावर फोमची टोपी असतेच, ती हरवली असेल तर आधी ती आणा. बऱ्याच माइकवर एक खूण असते, ती बाजू तोंडाकडे. उलटा बसवलेला माइक मी स्वतः चार महिने वापरलाय, त्यामुळे हसत नाही. आणि ‘बोललं की आपोआप सुरू’ हे सेटिंग असेल तर त्याची संवेदनशीलता कमी करा, नाहीतर वाऱ्यालाच तो माणूस समजतो आणि लाइन उघडीच राहते.

आता तुमचं हेल्मेट. काच बंद करताना रबर आणि काचेच्या मध्ये दहाची नोट धरा आणि ओढा. कुठेही नोट आरामात सुटून आली तर तिथून शिट्टी वाजणार. बिजागरीचे स्क्रू थोडे सरकवून काच मागे घेता येते काही हेल्मेटांत. पण सगळ्यात जास्त आवाज येतो तो खालून, हनुवटीच्या पट्टीखालून आणि मानेजवळून. इंग्लंडच्या बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी पुतळ्याला हेल्मेट घालून विंड टनेलमध्ये ठेवलं, तेव्हा त्यांनाही हनुवटीकडचा भागच मोठा अपराधी सापडला होता. उपाय स्वस्त आहे. हनुवटीखाली लावायचा कापडी पडदा मिळतो, तो लावा आणि गळ्यात बफ, म्हणजे नळीसारखा कापडी पट्टा, घाला. गमछाही चालेल, पण टोकं जॅकेटच्या आत खोचलेली. बाहेर फडफडलं तर आवाज वाढतो, आणि चेनमध्ये गेलं तर पुढचं मी लिहीत नाही.

विंडशील्डचंही बघा. सरळ, रिकाम्या रस्त्यावर एकटे असताना फूटपेगवर जरा उभे राहा. डोकं वर गेल्यावर आवाज एकदम शांत झाला, तर विंडशील्डच्या वरच्या कडेवरून उसळलेला भोवरा तुमच्या हेल्मेटवर आदळतोय. छोटी काच नेमकं हेच करते, वारा धड अडवत नाही आणि धड सोडतही नाही. मी माझी काढून टाकली. छातीवर वारा लागतो, पण डोक्याभोवती तो सरळ वाहतो.

मागची_सीट
दादा, राग मानू नका, पण स्वतःला फुलफेस आणि वहिनींना पंपावर दाखवायचं हेल्मेट? मागे बसणारी पुढच्यापेक्षा उंच बसते. तुमच्या डोक्यावरून घुसळून आलेला सगळा वारा तिच्या तोंडावर. इंटरकॉम बदलायच्या पैशात तिला चांगलं फुलफेस घ्या. माइक हनुवटीच्या पट्टीच्या आत, तोंडासमोर चिकटवता येतो, फोमसकट. आमच्याकडे एवढ्यानेच भांडणं पुन्हा ऐकू यायला लागली :)

आणि बसवताना आतला थर्माकोल कोरू नका, कवचाला भोकही पाडू नका. डोकं तोच वाचवतो.

कानसेन
मी कान तपासण्याच्या कामात आहे, म्हणून थोडं पांडित्य. शंभरच्या वेगाला हेल्मेटच्या आत आवाज ९५-१०० डेसिबलच्या घरात सहज जातो. कानाचा हिशोब असा धरतात: ८५ डेसिबल आठ तास चालेल, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. महेश्वरला तुम्हाला दोन तास लागले असतील. वर वारा झाकायला इंटरकॉमचा आवाज पूर्ण वाढवला असेल, म्हणजे वाऱ्यावर आणखी एक वारा.

लांबच्या रस्त्याला कानात फोमचे बोळे घाला. इंटरकॉम असूनही. उलटं वाटतं, पण वारा आणि स्पीकर दोन्ही कमी झाले की शब्द जास्त सुटे ऐकू येतात, आणि स्पीकर थोडा वाढवता येतो. बोळा नीट घालायची पद्धत: बोटांत वळून वातीसारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा, फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नुसता दाबून बसवलेला बोळा काही अडवत नाही. मी सियागंजातून पाकीटभर घेतले, कारखान्यांच्या सेफ्टीच्या सामानात मिळतात.

यझ्दीवाले_काका
म्हणजे मागून ट्रकचा हॉर्न ऐकूच यायचा नाही. छान.

कानसेन
काका, येतो. बोळा सगळंच थोडं थोडं खाली आणतो, हॉर्न त्या घोंघाटाच्या वर तसाच उठून दिसतो. गावात मात्र मीही काढून ठेवतो.

हां, स्पीकरची जागा राहिली. दहातल्या नऊ जणांचा स्पीकर कानाच्या भोकासमोर नसतो. भोकापुढच्या छोट्या उंचवट्याला ओलं कुंकू लावा, हेल्मेट घाला, काढा. आत फराटा उमटेल. त्याचं वरचं टोक म्हणजे तुमचा कान. स्पीकरचा मध्य तिथे.

गुजरी_हुकली
मंडळी, अहवाल. सिमरोल-चोरलपर्यंत जाऊन आलो.

माइक बंद करून पाहिला. आवाज निम्म्याहून कमी! भेरूघाटवाले, मानलं. हिचा माइक गालाकडे तोंड करून बसला होता. मागची_सीट ताई, तुमचं हिने वाचलं, त्यामुळे फुलफेस त्याच संध्याकाळी आलं. कुंकवाचा प्रयोग केला तेव्हा सासूबाई आलेल्या होत्या. जावई कानाला कुंकू लावून डोक्यात हेल्मेट घालतोय हे बघून त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं हिच्याकडे बघितलं. पण माझे दोन्ही स्पीकर चांगले दोन बोटं खाली निघाले.

बफ, बोळे आणि हिचा नवा माइक मिळून ऐंशीला अगदी स्वच्छ ऐकू येतं. पंच्याण्णवला शब्द तुटतात, पण तेवढ्या वेगात बोलायचं नाही असं हिचंच म्हणणं आहे. विंडशील्ड अजून काढली नाही, जीव होत नाही. एकच तक्रार, तासाभराने डावा स्पीकर कानाला टोचतो.

भेरूघाट_रिटर्न
आतलं कापड काढून बघा, बऱ्याच हेल्मेटांत थर्माकोलमध्ये स्पीकरसाठी तयार खोलगट जागा असते. ती असेल तर स्पीकरमागची फोमची चकती काढून तिथे बसवा. नसेल तर पातळ स्पीकर मिळतात. कोरायचं मात्र नाही, ताईंनी सांगितलंय.

यझ्दीवाले_काका
ते बोळे सियागंजात नक्की कुठल्या गल्लीत मिळतात?